तलफ येणे म्हणजे शील मोडणे नव्हे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. उत्तर नागपुरातल्या आमच्या विहारात रविवारची बैठक चालू होती. अजेंडा संपला, चहा आला, आणि एक तरुण कार्यकर्ता उभा राहिला. बिडी सोडून त्याला अकरा महिने झाले होते. तो एवढंच म्हणाला, "दादा, सोडली तर आहे, पण अजून तलफ येते. परवा मोर्चा संपल्यावर तर लय आली होती." समोर बसलेल्या ज्येष्ठांनी क्षणाचाही विचार न करता उत्तर दिलं, "तलफ येते म्हणजे तू मनातून सोडलीच नाहीस. पंचशील नुसतं तोंडानं म्हणायचं नसतं बाबू." दोन-चार जण हसले. आम्हीही तिथेच होतो. आम्ही हसलो नाही, पण बोललोही नाही.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तीन आठवड्यांनी तो आम्हाला कामठी रोडवरच्या एका पानठेल्यावर दिसला, हातात बिडी. आम्हाला पाहून त्याने ती पाठीमागे धरली. अठ्ठावीस वर्षांचा, घरात कमावता, दोन आंदोलनांत गुन्हे अंगावर घेतलेला माणूस, आणि आम्हाला पाहून शाळकरी पोरासारखा हात लपवतो. त्या लपवलेल्या हाताला आपण सगळे जबाबदार आहोत, असं आमचं स्पष्ट मत आहे. हा लेख त्यासाठीच.

आधी त्या ज्येष्ठांच्या विधानाची तपासणी करू. 'मनातून सोडलीच नाहीस.' हे विधान ऐकायला भारदस्त वाटतं, पण ते चूक आहे. आम्ही स्वतः सिगारेट सोडून सहा वर्षं झाली. त्याआधी नऊ वर्षं ओढली. सोडल्यानंतरचे पहिले तीन दिवस कसे गेले ते घरच्यांना विचारा. चिडचिड, डोकं जड, झोप उडालेली, पोट साफ होईना, आणि भूक अशी की भाकरीमागून भाकरी. ही झाली शरीराची मागणी. ओढलेल्या धुरातलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. वर्षानुवर्षं ते पोचत राहिलं की मेंदू त्याच्यासाठीची ग्रहणकेंद्रं वाढवून ठेवतो. पुरवठा थांबला की ती सगळी उपाशी. हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. वाढलेली ग्रहणकेंद्रंही काही आठवड्यांत पूर्ववत होत जातात. म्हणजे अकरा महिन्यांनी त्या तरुणाच्या शरीरात निकोटिनची टंचाई वगैरे काही नव्हती.

मग तलफ कुठून आली? आठवणीतून. नऊ वर्षं दिवसाला आठ सिगारेटी धरल्या तर आम्ही सव्वीस हजारांहून जास्त वेळा काडी ओढली. प्रत्येक वेळी सोबत काहीतरी होतं. कटिंग चहा होता, जेवणानंतरचा शतपावलीचा रस्ता होता, बसस्टँड होतं, पोस्टर चिकटवून झाल्यावरची पहाट होती, पोलीस ठाण्याबाहेर कुणाच्या जामिनाची वाट पाहणं होतं. मेंदूने या सगळ्यांशी धुराची गाठ बांधून ठेवली आहे. शरीर मोकळं झालं तरी ती गाठ तशीच राहते. चहा पुढे आला की गाठ ओढली जाते. चहाची गाठ लवकर सैल होते, कारण चहा रोज होतो आणि रोज सिगारेटीविना होतो. जी वेळ वर्षातून एकदा-दोनदाच येते तिची गाठ मात्र अजून कुणी सोडवलेलीच नसते. म्हणून दोन वर्षांनी एखाद्या अंत्ययात्रेत, स्मशानाच्या कट्ट्यावर बसल्यावर, कुणीतरी काडी ओढल्याचा तो खस्स आवाज येतो आणि माणूस हादरतो. त्याला वाटतं, अरे, दोन वर्षं वाया गेली, आपण होतो तिथेच आहोत. तो तिथे नाही. ती फक्त त्या कट्ट्याची पहिली परीक्षा आहे.

स्वप्नांचंही असंच. सोडलेल्या पुष्कळ जणांना आपण सिगारेट ओढतो आहोत असं स्वप्न पडतं आणि ते अपराधी वाटून दचकून उठतात. आम्हालाही पडलं, तब्बल तिसऱ्या वर्षी. उठून आधी बोटांचा वास घेतला. आता हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं.

आता धम्माकडे येऊ, कारण त्या बैठकीत युक्तिवाद धम्माच्या नावाने झाला होता. प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीत स्पर्शातून वेदना येते, वेदनेतून तण्हा, तण्हेतून उपादान, म्हणजे धरून बसणं. ही साखळी आपल्याकडे पाठ असते, पण वापरली जात नाही. काडीचा आवाज कानावर पडणं हा स्पर्श. छातीत काहीतरी ओढल्यासारखं होणं ही वेदना. यातलं काहीही त्या माणसाने निवडलेलं नाही. त्याचा अधिकार सुरू होतो तो इथून पुढे. ती ओढ पाहून तो तिथेच थांबतो, की तिच्या मागे ठेल्यापर्यंत चालत जातो? आमचा कार्यकर्ता अकरा महिने थांबला होता. मोर्चा संपल्यावर, दमलेला, उपाशी, आजूबाजूला सगळे धूर काढत असताना तो थांबला होता. साखळी तो रोज तोडत होता, आणि आपण त्याला सांगितलं की तुझी साखळी मुळी सुरूच व्हायला नको होती. अशी अपेक्षा बुद्धाने कुणाकडून केलेली नाही.

बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात तृष्णेच्या त्यागाला धम्म म्हटलेलं आहे, हे खरं. पण त्याच ठिकाणी त्यांनी एक खबरदारी घेतली आहे, जी आपल्या प्रवचनकारांना आठवत नाही. संतोष म्हणजे परिस्थितीपुढे मान टाकणं, गरिबाने गरिबीत समाधान मानणं, असा अर्थ त्यांनी साफ नाकारला. माणसाने अमर्याद हावेला स्वतःवर स्वार होऊ देऊ नये, हा त्याचा अर्थ. ओढ येते की नाही हा प्रश्नच तिथे नाही. कोण कुणावर स्वार आहे, हा प्रश्न आहे.

इथे काही मित्र लगेच विपश्यनेचा विषय काढतील. आपल्या चळवळीत त्यावरून किती पाट्या फुटल्या आहेत ते आम्हाला माहीत आहे. अन्यायावर डोळे मिटून बसायला शिकवणारी विपश्यना आम्हालाही मान्य नाही. पण तलफेच्या बाबतीत 'पाहणं' हे एक साधं, कामाचं हत्यार आहे आणि ते वापरायला दहा दिवस मौनात बसावं लागत नाही. अॅलन मार्लट नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व्यसन परत लागण्याचा अभ्यास करायचे. त्यांनी या पद्धतीला 'अर्ज सर्फिंग' म्हटलं. तलफ ही लाटेसारखी असते, वर चढते, टोकाला जाते आणि फुटते. बहुतेक वेळा हे सगळं काही मिनिटांत होतं. तिच्याशी झोंबी घेतली तर ती लांबते. शरीरात ती नेमकी कुठे जाणवते, घशात की हाताच्या बोटांत, एवढं बघत राहिलं तर ती तिच्या गतीने उतरते. पहिल्या वेळी विश्वास बसत नाही. आम्ही घड्याळ लावून बघितलं होतं. सहा मिनिटं. आमचा एक सोबती तेवढ्या वेळात विहाराभोवती तीन चकरा मारतो. त्याला बसून पाहणं जमत नाही, चालत पाहतो. चालेल की.

याच मार्लट यांनी दुसरी एक गोष्ट दाखवली, आणि आमच्या मते आपल्यासाठी ती जास्त महत्त्वाची आहे. सोडलेला माणूस एखादी सिगारेट ओढतो तेव्हा ती एक सिगारेट त्याला परत व्यसनात नेतेच असं नाही. त्या एका सिगारेटीचा तो काय अर्थ लावतो, ते त्याला नेतं. 'आज घसरलो, कारण वडील गेले आणि मी चार रात्री झोपलो नव्हतो,' असं म्हणणारा सावरतो. 'मी मुळातच कमजोर, माझं सगळं संपलं,' असं म्हणणारा पाकीट विकत घेतो. आता विचार करा, विहारातल्या भरलेल्या बैठकीत आपण आपल्या माणसाला यातला कोणता अर्थ पुरवला? आणि त्याने तर तोपर्यंत ओढलीही नव्हती!

आम्हाला सगळ्यात जास्त टोचते ती याच्या मागची विचारपद्धत. एका स्पर्शाने माणूस पूर्ण बाटतो, हा कुणाचा तर्क आहे? एक थेंब पडला आणि सगळा हौद विटाळला, हे कोण म्हणत होतं? 1927 ला चवदार तळ्यावर आपण कशाविरुद्ध उभे राहिलो? शुद्ध-अशुद्धाची ती मोजपट्टी आपण दारातून हाकलली आणि व्यसनमुक्तीच्या नावाने खिडकीतून आत घेतली. शील ही शिक्षापदं आहेत, म्हणजे शिकण्याच्या, सरावाच्या पायऱ्या. ती आपण स्वतःहून पत्करतो. सोवळं मोडलं की प्रायश्चित्त, हा प्रकार तिथे नाही. बाबासाहेबांनी तत्त्व आणि नियम यांतला फरक 'जातिप्रथेचे उच्चाटन' मध्येही समजावला आहे आणि धम्माच्या मांडणीतही. नियमाने बांधलेला माणूस यंत्रासारखा वागतो, तत्त्वाने चालणारा स्वतः विचार करून जबाबदारी घेतो. आमचा कार्यकर्ता तत्त्वाने चालत होता. हसणारे नियमावर होते.

याच फरकाचा आधार घेऊन उलट बाजूचे मित्रही पळवाट काढतात, त्यांनाही सोडता येणार नाही. 'बावीस प्रतिज्ञांमध्ये सतराव्या प्रतिज्ञेत दारूचं नाव आहे, तंबाखूचं कुठे आहे?' हा प्रश्न आम्हाला गेल्या सहा वर्षांत किमान वीस वेळा विचारला गेला आहे, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या गालात खर्रा होता. तत्त्व बघा ना भाऊ. जे मनाचा आणि खिशाचा ताबा घेतं, ते नावाने यादीत नसलं म्हणून मित्र होत नाही. रोज तीस रुपयांचा खर्रा धरा. वर्षाचे 10,950 रुपये होतात. तेवढ्यात एका पोराची स्पर्धा परीक्षेची पुस्तकं येतात आणि वर रीडिंग रूमची काही महिन्यांची फी निघते.

आणि 'ही माझी वैयक्तिक बाब आहे' हेही चालणार नाही. समाजशास्त्राच्या वर्गात हॉवर्ड बेकर शिकवला जातो. नशा करणारा माणूस एकटा घडत नाही, ओढायचं कसं आणि त्यातून मजा कशी घ्यायची हे त्याला गट शिकवतो, हे त्याने 1953 मध्ये गांजा ओढणाऱ्यांच्या अभ्यासातून मांडलं. आम्हाला पहिली सिगारेट एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने दिली होती, रात्रीच्या पोस्टरबाजीत, 'घे, झोप उडेल' म्हणून. ती सिगारेट म्हणजे आमचा चळवळीतला प्रवेश होता, असंच तेव्हा वाटलं. चळवळीने जे शिकवलं ते चळवळीनेच उतरवायला मदत केली पाहिजे.

शिवाय तंबाखूचा आणि आपल्या वस्त्यांचा संबंध जुना आहे, तो फक्त ओढणाऱ्याच्या बाजूने पाहून भागत नाही. कामठी, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात आपल्या आज्यांनी आणि आज्यांच्या सासवांनी सुपात तेंदूपत्ता घेऊन बिड्या वळल्या. 'जयभीम' या अभिवादनाचं श्रेय ज्यांना दिलं जातं त्या कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी याच बिडी मजुरांची संघटना बांधली. ते 1937 मध्ये विधिमंडळावर निवडून आले आणि 1939 च्या जानेवारीत क्षयाने गेले. वय पस्तीस. बिडीच्या धंद्यात नफा कुणाचा झाला आणि खोकला कुणाच्या वाट्याला आला, हे सांगायला आम्हाला वेगळा अभ्यास नको. आजही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तंबाखूचं प्रमाण अनुसूचित जाती-जमातींमध्ये इतरांपेक्षा जास्त दिसतं. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, पण त्यात धूम्रपान करणारे फक्त 3.8 टक्के. बाकी सगळा मामला तोंडात. म्हणून आम्ही 'सिगारेट' म्हणतो तेव्हा खर्रा, मळलेली तंबाखू, गुडाखू हेही धरून चाला. आणि बायकांनाही धरा. व्यसनमुक्तीची आपली शिबिरं पुरुषांची असतात. घरात पहाटे दात घासायच्या निमित्ताने तंबाखू लावणारी आई त्या शिबिरात पुरुषांसाठी पोहे करत असते. तिला तलफ येत नाही का? तिला कुणी विचारलं?

सरकारचं काय, तर कायदे आहेत. 2012 पासून गुटखाबंदी आहे, 2020 च्या सप्टेंबरात राज्याने सुटी सिगारेट-बिडी विकायलाही बंदी घातली. सुटी विक्री हा सोडलेल्या माणसाचा सगळ्यात मोठा शत्रू. सोडलेला माणूस पाकीट घेत नाही, तेवढी हिंमत त्याला होत नाही. तो 'फक्त एक' घेतो. ठेल्यावर ती एक आजही मिळते, लायटर दोरीला टांगलेला असतो. या एका अंमलबजावणीसाठी आपण अन्न व औषध प्रशासनाकडे, महापालिकेकडे, पोलिसांकडे निवेदन द्यायला हवं होतं. दिलं नाही, कारण निवेदन देऊन परतताना आपण त्याच ठेल्यावर थांबतो.

तर आम्ही पाच जणांनी काय केलं ते सांगतो. यात काही महान नाही.

पहिलं म्हणजे बैठकीनंतरचा चहा ठेल्यावरून विहाराच्या ओट्यावर आणला. स्टोव्ह, पातेलं, एक किलो साखर. या एका बदलाने जेवढा फरक पडला तेवढा चार भाषणांनी पडला नसता. दुसरं, प्रत्येकाचा एक फोनवाला ठरवला. तलफ आली की त्याला फोन करायचा आणि वाटेल ते बोलायचं, क्रिकेट, भाव, शिव्या. फोनवाल्याने उपदेश करायचा नाही ही एकच अट. रात्री साडेअकराला आलेला एक फोन आम्हाला आठवतो, पलीकडून आठ मिनिटं फक्त श्वास ऐकू येत होता, मग 'झालं दादा, ठेवतो' म्हणाला. तोंडासाठी फुटाणे, बडीशेप, लवंग खिशात. सुपारी नाही. सुपारी तंबाखूशिवायही कर्करोग करते. खर्रा सोडून सुपारीवर आलेल्यांना हे कुणी सांगत नाही, आणि ते स्वतःला सुटलेले समजतात.

ज्यांना पहिले आठवडे असह्य झाले त्यांनी निकोटिनचं च्युइंगम वापरलं. त्यावर आपल्याकडे नाकं मुरडली जातात, 'एक सोडून दुसरं धरलं' म्हणून. तुटलेल्या पायाला कुबडी दिली तर आपण असं म्हणतो का? दोन आणि चार मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत ते असतं. किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवावं. ते खर्ऱ्यासारखं चघळायचं नसतं. थोडं चावायचं, चुरचुरलं की गालात दाबून ठेवायचं, चव गेली की परत चावायचं. सोबत चहा घेतला तर निकोटिन नीट शोषलं जात नाही, हे आमच्या एकाला दहा दिवसांनी कळलं, तोवर तो कंपनीला शिव्या देत होता. केंद्र सरकारची 1800-11-2356 ही मोफत क्विटलाइन 2016 पासून चालू आहे. फोन करणाऱ्याला कुणी नाव-जात विचारून हसत नाही. आणि सोडल्यावर मन आठवडेच्या आठवडे उदास राहिलं, जगण्यात रस वाटेनासा झाला, तर ती तलफ समजून दाबू नका, सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग असतो, तिथे जा.

विहारात आम्ही एक वहीही ठेवली. आधी तिच्यात 'किती दिवस झाले' एवढंच लिहायचो. घसरलेल्याचा आकडा शून्यावर यायचा आणि तो माणूस वहीकडे फिरकायचा नाही. मग रकाना बदलला. आता 'किती तलफा परतवल्या' ते लिहितो. घसरण झाली तरी परतवलेल्या तलफा कुणी पुसत नाही. साडेतीनशे झाल्या आणि एकदा हरलो, तर त्या साडेतीनशेच राहतात, एक कमी होत नाही.

पानठेल्यावर भेटलेल्या त्या मित्राकडे आम्ही दुसऱ्या दिवशी घरी गेलो. पहिल्यांदा माफी मागितली, त्या रविवारी गप्प बसल्याची. तो काही बोलला नाही. त्याच्या आईने चहा केला. नंतर आम्ही त्या ज्येष्ठांनाही भेटलो. त्यांचंही ऐकून घेतलं, आणि त्यांनी जे सांगितलं ते आम्हाला अपेक्षित नव्हतं. त्यांनी स्वतः 1994 ला बिडी सोडली. तेव्हापासून आजवर दर 6 डिसेंबरला, दादरच्या गर्दीत रात्र काढताना, त्यांना तलफ येते. कुणाला सांगितलं नव्हतं. कारण त्यांनाही कुणीतरी कधीतरी तेच सांगितलं होतं.

गेल्या महिन्यात बैठक संपल्यावर आमचा मित्र ओट्यावर येऊन बसला. आत आला नाही. ज्येष्ठ उठून बाहेर गेले आणि त्याच्या शेजारी बसले. काय बोलणं झालं ते आम्ही विचारलं नाही. जाताना त्याने वही मागितली, मागची पानं उलटून आपलं नाव शोधलं, आणि अकरा महिन्यांचा आकडा अंदाजाने लिहू की नको, असं विचारलं. आम्ही म्हटलं, लिही.